चार हजारच्या पुढे

या महिन्यात काय ऐकलंस,
लिगोरी रेबेलो विचारतात दर पहिल्या शनिवारी,
खुर्चीत बसायच्याही आधी,
जणू कान माझेच तपासायचे आहेत.

माझगावच्या दवाखान्यात माझी एक काचेची खोली आहे.
आत माणूस, बाहेर मी.
मी शिट्ट्या सोडते, बारीक, आणखी बारीक,
ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं,
माझ्याकडे दिवा लागतो.
रेबेलो चार हजारपर्यंत दाबतात.
पुढे दिवा नाही.
कागदावर त्यांची रेघ
भंडारवाड्याच्या टेकडीवरून सुटते
ती थेट गोदीपर्यंत.

झांजा गेल्या, ते म्हणाले होते पहिल्या खेपेला.
पंचेचाळीस वर्षं डबल बेस,
हॉटेलात, स्टुडिओत, लग्नांत,
आणि बेन्तोची झांज कायम उजव्या कानाशी.
बेन्तोकडे परत मागावी
तर तो शिवडीला, मातीखाली.

नियमानं तपासणी सहा महिन्यांनी.
मी कार्डावर लिहिते, एका महिन्यानं.
कुणी विचारलेलं नाही अजून.

तर मी सांगते.
तिघांची एक रेकॉर्ड मिळाली,
पियानो, बेस, ड्रम,
कुठल्याशा थंड गावात वाजवलेली.
पियानोवाला एक सूर लावून विसरतो,
मग छत्री राहिल्यासारखा परत येतो.
‘ते कळतं मला. झांज सांग, बाय.’
झांज.
कढईतली मोहरी? छे, ती फार घाईची.
रवा चाळतात तशी,
पण चाळण पितळेची, आणि चाळणारी
मधेच थांबून कुणाशी तरी बोलतेय.
‘म्हणजे ब्रश. काठ्या नव्हेत.’
मी कव्हर उलटून बघते. ब्रशच.

मग त्या सॅक्सोफोनवालीचं सांगते.
उसने पैसे मागायला आलेली बाई
विषय न काढताच चहा पिऊन उठते ना,
तसं वाजवते.
रेबेलो बराच वेळ काही बोलत नाहीत.
‘किती मागायला आली असेल?’
पुरेसे, मी म्हणते.

एक आवडली नाही, तेही सांगून टाकते.
सगळे एकदम हुशार, कुणी कुणाचं ऐकत नाही.
ते खूश होतात. खिशातून
आल्याची वडी काढून मला देतात.

या शनिवारी मात्र शिट्ट्या नाहीत.
मी त्या तिघांची रेकॉर्ड मशीनला जोडली,
रेबेलोंना आत बसवलं, दार लावलं.
बटण त्यांनी सवयीनं हातात घेतलं.
माझ्याही कानात तेच चालू.
काचेपलीकडे डोळे मिटलेले,
डावी बोटं गुडघ्यावर
नसलेल्या तारा दाबणारी.

आणि दिवा लागला.
तिथं, जिथं मला काहीच ऐकू आलं नाही.
पुन्हा लागला. पुन्हा. पुन्हा.

बाहेर आले ते घामेजलेले, हसत.
‘बेसवाला चुकलाय, बाय.
बोट अर्ध्या सुरानं खाली पडलं.
मग लबाडानं तीच चूक
लगेच तीनदा वाजवली, मुद्दाम,
म्हणजे पहिलीही मुद्दाम वाटावी.’
आणि हळूच, ‘मीही करायचो.’

अकरा वेळा ऐकली होती मी ती रेकॉर्ड.
माझी रेघ सरळ आहे, आठ हजारपर्यंत,
दरवर्षी मीच काढते.

रात्री घोडपदेवच्या घरी
दिवे मालवून पुन्हा लावली.
झांज मधे मधे येत होती, तिची पितळी गोड चाळण,
तिला हातानं बाजूला सारावं तसं सारत
खाली, आणखी खाली उतरत गेले,
जिथं आवाज कमी आणि लाकूड जास्त.

चुकला!
मी एवढ्या जोरात म्हणाले
की शेजारी नवरा झोपेतून उठून बसला.
कोण, कोण चुकलं?
मी त्याला गप्प राहायची खूण केली.
अजून तीन यायच्या होत्या.