कलम नऊ

अकरा महिन्यांचा करार, पाचशेचा स्टॅम्प.
कलम नऊ : सदर जागेत कोणताही प्राणी
पाळता, ठेवता वा आणता येणार नाही.
कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला हे मीच सांगून घातलं.

कारण आधीचा भाडेकरू, सोळांकुरे नावाचं पोरगं,
लॅमिनेट केलेला दाखला घेऊन आलं होतं.
सोनेरी शिक्का, इंग्रजी सही.
कुत्रं नव्हे म्हणे काका, औषध आहे ते, मनाचं.
औषधानं दाराची चौकट खाल्ली,
जिन्यात तीन पावसाळे मुतलं,
आणि पोरगं पुण्याला गेलं
डिपॉझिट मागत मागत.

रेवती बुचडे हुपरीची.
ऐकू येत नाही, जन्मापासूनच.
गुजरीतल्या एका पेढीसाठी
घरी बसून पैंजणांना घुंगरं डाखते.
किलोकिलोनं आवाज जातो तिच्या बोटांतून
दुसऱ्यांच्या पायांत.
सामानाच्या टेम्पोतून उतरली तेव्हा मागून
एक तांबूस गावठी कुत्री उतरली,
एक कान उभा, एक पडका.
नाव लवंगी.

मी करार पुढं केला. कलम नऊवर बोट ठेवलं.
तिनं मोबाईलवर टाइप करून दाखवलं,
"ही कुत्री म्हणजे माझे कान."
दाखला? मी विचारलं,
ओठ उगाच मोठे मोठे हलवत,
जसं काही बहिऱ्यांशी ओरडूनच बोलायचं असतं.
तिनं लशीचं कार्ड दिलं.
जात : देशी. रंग : तांबडा.
काम, असा रकाना नव्हता त्यावर.

आता काय करावं?
कागद होता त्याचं खोटं निघालं,
हिच्याकडं कागदच नाही.
वरच्या मजल्यावरनं मिरजेबाई म्हणाल्या,
आज कुत्रं, उद्या म्हस आणतील, बघा तुम्ही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी,
वय त्रेसष्ट, सहकारी बँकेतून निवृत्त,
मी माझ्याच घराची बेल दाबत उभा होतो
चोरासारखा, खिडकीच्या फटीला डोळा लावून.
लवंगी उठली. तिच्या गुडघ्याला नाक लावलं,
मग दाराकडं पाहिलं.
भुंकली नाही.
त्या खोलीत भुंकून काही होत नाही
हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.
मी लपलो. पुन्हा दाबली. पुन्हा गुडघा, पुन्हा दार.
चौथ्या वेळी गॅसवर दूध वर आलं,
तर बेल सोडून ती आधी दुधाचं सांगायला गेली.
पाचव्या वेळी कुत्रीनं सरळ खिडकीकडं बघितलं,
माझ्याकडं.
लाज वाटली. खोटं कशाला सांगू?

आत बोलावलं तिनं. चहा टाकला.
भिंतीत ती कडी अजून आहे,
डिस्टेंपरचे चार हात बसलेली.
दाव्याची कडी. ही खोली म्हणजे आमचा गोठा.
दादा इथंच झोपायचे, पोत्यावर, भुरीशेजारी.
रवंथ थांबला की त्यांना जाग यायची,
आणि पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर
गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धार.
त्या धारेवर माझं बी.कॉम. झालं.
त्याच भिंतींच्या आत मी टाइप करून घेतलं,
कोणताही प्राणी.
कडीला तिनं लवंगीचा पट्टा अडकवला होता,
रिकामा.

मी खिशातलं पेन काढलं.
कलम नऊवर रेघ मारली,
बाजूला सही केली, तिची घेतली.
टायपिस्ट म्हणाला असता, साहेब, हे असं चालत नाही.

दुसऱ्या कागदावर भाडं मात्र पाचशेनं वाढवून लिहिलं.
धंदा तो धंदा.
रेवतीनं आकडा वाचला, मान हलवली,
कपबशा उचलल्या, पाठमोरी झाली.

तेव्हा लवंगी भुंकली. एकदाच.
खोलीत ते फक्त मला ऐकू आलं.