गुरुवार, साडेचार

कर्वे रोडवर, झेरॉक्सच्या दुकानावर दवाखाना.
जिन्यातच हे थांबले. "बघ, प्रती इथूनच निघतात."
मी खाली पाहिलं. दुकानातला पोरगा
कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होता.

बोकील डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, थायरॉइड,
डोक्याचा फोटोही काढवला. सगळं जागेवर.
मग खुर्ची वळवून एवढंच विचारलं:
"कधीपासून?"

ह्यांनी तारीख सांगितली. वारासकट.
खडकीच्या फॅक्टरीत पितळ कमी भरलं
आणि स्टोअरची किल्ली ह्यांच्याकडं.
अकरा महिने चौकशी. रोज गेटवर डबा उघडायचा,
पोळी उचलून दाखवायची, भाजी चमच्यानं बाजूला सारून.
शेजारच्या टेबलावरचा धायगुडे वहीत लिहायचा
हे किती वेळा उठले.
निर्दोष सुटल्याचा कागद टपालानं आला, साधा,
वर्षभर उशिरा.
तोंडानं कुणी काही बोललं नाही.

म्हणजे पाळत होती. खरीच होती.
संपली, तेवढं ह्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

धायगुडे कधीच वारला. नोकरीही संपली.
तरी मंडईतून आले की दारातच
पिशवी उलटी करून दाखवतात. मला.
कांदे घरंगळत सोफ्याखाली जातात.
मीटरच्या पेटीत कान आहे म्हणतात.

"हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका," डॉक्टर मला म्हणाले.
"भीती वाटत असेल, एवढं म्हणा. ती तर खोटी नाही ना?"
इतकी वर्षं मी नाहीच म्हणत आले होते.
हे एक वाक्य तोंडात बसायला
तीन गुरुवार गेले.

रात्री अर्धी गोळी. मी ती वरणात कालवणार होते,
कबूलही केलं. डॉक्टर पहिल्यांदाच कडक झाले:
"चोरून दिलीत, तर त्यांचंच खरं ठरेल."
तेव्हापासून गोळी ताटलीत, उघडी, पाण्याच्या भांड्याशेजारी.
कधी घेतात. कधी नुसते बघत बसतात,
मीही बसते.

दिवाळीच्या आधी एकदा पिशवी
न उलटता खुंटीला लागली.
मी अवाक्षर काढलं नाही,
मेथी निवडायला घेतली.

रात्री दोनला मात्र टॉर्च घेऊन मीटरपाशी गेलेच.
"किती झालं?" मी अंथरुणातूनच.
बराच वेळ काही नाही.

"चारशे बारा," म्हणाले.
"आपलंच दिसतंय."