बारा पौंड

रविवारी बॅरस बाजारात माझं टेबल ड्रेननच्या शेजारी.
मी कुलपं विकतो, बहुतेक बिनकिल्लीची.
तो विकतो व्हॅक्युम क्लीनर. आज सतरा आहेत,
नळ्या गळ्याभोवती गुंडाळून
शाळेच्या फोटोला उभे केल्यासारखे.

ग्लासगोत ऊन पडतं तेवढ्यात तो त्यांच्यावरून फडकं फिरवतो.
(ह्यांनाही फडक्यानेच पुसावं लागतं,
ह्यावर तो दर रविवारी एकदा हसतो.)

प्रत्येकाचं कुळ त्याला तोंडपाठ.
हा स्वीडनचा, ह्याचे आजे-पणजे
बर्फगाडीसारखे पट्ट्यांवर घसरायचे.
हा लाल, हसऱ्या तोंडाचा, नळीच्या नाकाचा,
"ऑफिसं झाडण्यात जन्म गेला, पण चेहरा बघा."
हा नव्या वाणाचा, आरपार दिसणाऱ्या पोटाचा:
"ह्याला लाज नाही. खाल्लेलं जगाला दाखवतो.
जुने बरे. सगळं पोटात घालायचे."

गिऱ्हाईक रेंगाळलं की तो गोष्ट काढतो.
ओहायोत एका दुकानाचा झाडूवाला होता, दमेकरी.
धुळीने जीव नकोसा झाला, तेव्हा
पंख्याची मोटर, झाडूची दांडी
आणि उशीचा अभ्रा
असं काहीबाही जोडून त्याने यंत्र केलं.
हक्क विकला चामड्याच्या व्यापाऱ्याला.
व्यापाऱ्याचं नाव मशीनवर चढलं, मशीनवरून जिभेवर,
आणि आमच्याकडे तर त्याचं क्रियापद झालं.
घर झाडत नाही कुणी. हूवर करतात.
आणि झाडूवाल्याचं नाव?
"धूळ," ड्रेनन म्हणतो. "गोष्ट फुकट. मशीन अठरा पौंड."

आज ही बाई आली. सेंगा लेनी,
नाव मला नंतर कळलं.
गोष्ट अर्धीमुर्धी ऐकली, किंमत विचारलीच नाही.
हूवर उचलला, पालथा घातला
बाळाचा लंगोट बघावा तसा,
तळपट्टीच्या कडेने अंगठा फिरवला.
"पट्टा कुणी घातलाय? पिळा पडलाय."
पर्समधून दहा पेन्सचं नाणं काढून
क्लिपा उचकल्या, पट्टा काढला, पुन्हा चढवला.
मी मोजलं नाही,
पण साधं कुलूप उघडायला मला जास्त लागतं.

वायर लावली. असा गरजला
की समोरच्या मोजेवाल्याने मान वळवली.

"कॅम्बस्लँग," ती म्हणाली.
"एकोणीस वर्षं पट्टे चढवले. पाळीला साडेचारशे.
मग कारखान्याला कुलूप लागलं."
कुलूप म्हटल्यावर मी उगाचच माझं टेबल आवरलं.

"चालू मशीनचे वीस," ड्रेनन म्हणाला.
"माझी मजुरी वजा कर."
मग घासाघीस. तो सतरावर, ती नऊवर,
मध्ये हवा, तिचा गुडघा, त्याचा मेलेला कुत्रा.
बारावर हात मिळाले.

"घरी गालिचा तरी आहे का?"
"नाही. लाकडी फरशी. मुलीने घातली."
एवढंच. पुढे ती बोलली नाही,
आम्हीही विचारलं नाही.

निघता निघता मात्र थांबली.
"तुझी ती गोष्ट. अभ्रा कुणाचा होता?"
"म्हणजे?"
"त्याने उशीचा अभ्रा आणला कुठून?"
तीस वर्षं ड्रेनन ती गोष्ट सांगतोय.
त्याला माहीत नव्हतं.

हूवर ओढत ती बसथांब्याकडे गेली.
एक चाक कुरकुरत होतं. त्याचे पैसे
कुणी कमी केले नव्हते.

पुढच्या रविवारी सोळा उभे.
एक तरुण जोडपं रेंगाळलं, ड्रेननने फडकं खांद्यावर टाकलं.
ओहायो. दमा. पंखा. दांडी. अभ्रा.
इथे तो अडखळला, पहिल्यांदाच.
"आणि त्या रात्री," तो म्हणाला,
"त्या घरात कुणीतरी उघड्या उशीवर झोपलं."

मग किंमत सांगायची राहूनच गेली.