तूट

मे महिना. चिकलठाण्यात दुपारी चव्वेचाळीस.
पत्र्याखाली तीनशे बारा पिंपं,
लाकूड परदेशी, न्हावा-शेव्याहून जालन्याला आलेली,
आत आधी दुसऱ्याच कुणाची दारू मुरली होती.
मी बूच काढते, मोजपट्टी सोडते.
मागच्या मेमध्ये इथवर ओली व्हायची.
आता चार बोटं खाली.

गळती नाही. चोरीही नाही.
दाराला कुलपं दोन : एक कंपनीचं, एक सरकारचं.
सरकारची किल्ली कुलथेसाहेबांच्या कंबरेला,
ती जेवतानाही वाजते.

रजिस्टरात रकाना आहे : तूट. पुढे : कारण.

स्कॉटलंडहून एक म्हातारा आला होता शिकवायला.
म्हणाला, आमच्याकडे हा वाटा देवदूतांचा,
वर्षाला शंभरात दोन.
मी आमचा आकडा सांगितला : अकरा.
तो हसला नाही.
पत्र्याला हात लावला
आणि झटकन मागे घेतला.

किनवटला माझा आजा, पोशट्टी कलाल,
निजामाच्या अमलात भट्टी लावायचा.
गुत्ता दुसऱ्याचा, शिक्का तिसऱ्याचा,
धूर तेवढा आमचा.
चैतात बायका अंधारात मोहाची फुलं वेचून आणत,
मडक्यावर मडकं, सांध्याला माती,
वेळूची नळी,
आणि वर गार पाणी ओतत बसलेली आजी, लच्चव्वा,
हाताला कायमचा तोच वास.
आबकारीचा दारोगा यायचा, शिंदीची झाडं मोजायचा,
खोडावर नंबर कोरायचा.
आजा म्हणे, झाडावर मारतो नंबर,
वासावर कुठं मारतो?

पहिली धार तो मातीत सोडायचा.
देवीची आहे, म्हणायचा, तोंड लावू नका.
इकडे पैजेवर सांगतात लोक, पहिल्या धारेची आहे,
आणि मिशीला पीळ देतात.
मी लॅबमध्ये तीच धार बाजूला काढते :
मिथेनॉल. डोळे जातात.
आज्याला हा शब्द ठाऊक नव्हता.
गंगन्नाला भिंत चाचपत जाताना त्यानं पाहिलं होतं,
तेवढं पुरलं.

खरं सांगायचं तर ही पिंपं पाहुण्यांना दाखवायची.
धंदा पलीकडच्या शेडमध्ये :
मळीचा स्पिरिट, पाणी, जाळलेली साखर,
दोन थेंब एसेन्स,
दिवसाला चाळीस हजार बाटल्या,
लेबलावर हरिण, मागे बर्फाचे डोंगर.
चिकटवणाऱ्या मंदोदरीनं पहिल्या दिवशी विचारलं,
ताई, एवढा कापूस वेचायला
बाया कुठून आणतात?

मी पीत नाही. नाकाचा पगार घेते.
सव्वीस वर्षं कामावर येताना कच्चा कांदा नाही,
गजरा नाही.
लग्नाच्या दिवशी घातला होता,
तीन दिवस कशाचाच वास आला नाही,
तेव्हा म्हटलं, आता हे पुरे.

गोडाऊनबाहेरचा कडुलिंब काळा पडलाय.
पाहुणे विचारतात, जळला का?
नाही. खोडावर बुरशी आहे,
आतून येणाऱ्या वाफेवर जगते,
तिच्याकडून कर घ्यायचं
अजून कुणाला सुचलेलं नाही.

आज वर्षाचा हिशोब.
कारणाच्या रकान्यात मी लिहिते : बाष्पीभवन.
लिहिता लिहिता वाटतं,
हवेनं गुत्ता घेतलाय
सही न करता.
कुलथेसाहेब आकडा दोनदा वाचतात,
सही ठोकतात,
मग कुलूप लावायच्या आधी
दारातच थांबतात.
मंगळवार आहे. त्यांचा उपास असतो.
चहासुद्धा घेत नाहीत.
आतून लाकूड, गूळ, ओल्या सालीसारखं काहीतरी येतं,
साहेब डोळे मिटतात
आणि छाती भरून
एक लांब श्वास घेतात.

तेवढं मी लिहीत नाही.