येणे बाकी

कुइक्कानेवाच्या दलदलीत सरकारनं आम्हाला उतरवलं
तेव्हा एप्रिल होता, अर्धं बर्फ, अर्धा चिखल.
अठ्ठावीस कैदी, चार पहारेकरी, एक घोडी
आणि मी, कोठारवाली, काखेत नोंदवही.
एका पोरानं विचारलं, तुरुंग कुठाय?
लिंडरूस साहेबांनी काठी उचलून
समोरच्या धुक्यात कुठंतरी दाखवली.
म्हणाले, तो तुम्हीच बांधायचाय.

आधी सौना बांधला. मग गोठा.
मग माणसांनी निजायची जागा.
हेलसिंकीला कळवताना मी हा क्रम उलटा लिहिला.

कुऱ्हाडी मोजून द्यायचं काम माझं.
ऊनो सार्कानेनपाशी माझा हात अडला.
मेव्हण्याला त्यानं कशानं मारलं,
त्या पात्याची लांबीसुद्धा कागदात होती.
साहेब म्हणाले, द्या. लाकूड ओलं आहे, त्याला धार कळते.
त्यानं घेतली, अंगठ्यानं पातं चाचपलं,
आणि कानस मागितली.

पलीकडच्या साईमी हाउतालानं
दुधाच्या खोलीला जन्मात पहिल्यांदा कुलूप घातलं.
आमच्याकडे एकच होतं, माझ्या कोठाराला,
तेही साखर रेशनवर होती म्हणून.

चर खणले. पाणी निघायचं, रात्रीतून परत यायचं,
जणू त्यालाच शिक्षा झाली होती इथं राहायची.
पहिला ओट ऑगस्टातल्या एका रात्रीत हिमानं मारला.
सकाळी सगळे बांधावर उभे.
खोट्या रेशनकार्डांचा रेइनो,
ज्यानं आयुष्यात कधी काही पेरलं नव्हतं,
तोच मोठ्यानं शिव्या देत होता. आभाळाला, नावं घेऊन.
साहेबांनी त्याला गप्प केलं नाही.
त्या रात्री मी सगळ्यांना साखर दिली, नोंद न करता.

ऑक्टोबरात ताहवो केम्प्पी गेला.
कुणाला ढकललं नाही, काही फोडलं नाही.
पायरीवर सरकारी बूट ठेवून गेला,
चव्वेचाळीस मापाचे, पुसलेले, चरबी लावलेले.
बहिणीनं धाडलेल्या लोकरी मोज्यांवर गेला असणार.
कंदील घेऊन आम्ही शोधलं.
शोधणाऱ्यांत निम्मे कैदीच होते,
आणि ते सगळे मोजून परत आले.

मग वरून कुंपण आलं.
नऊशे खांब, तारेची भेंडोळी, आणि खरमरीत पत्र.
तोवर जमीन लोखंड झाली होती.
खांब बर्फाखाली निजले.
जूनमध्ये पहिलं गवत कापलं, कमरेएवढं,
आणि वाळवायला सुळके नाहीत.
साहेब बराच वेळ खांबांकडे बघत राहिले.
मग टोपी मागे सारून म्हणाले, ऊनो, कुऱ्हाड.

कुंपण शेत खातं, असं म्हणतात.
आमच्याकडे शेतानं कुंपण खाल्लं.
नऊशे खांब, अंगावर गवत पांघरून
बुटक्या म्हाताऱ्यांसारखे चरापर्यंत उभे.
तार कोंबड्यांना गेली.
अहवालात मी लिहिलं: कुंपण वापरात आहे.
हे काही खोटं नव्हतं.

साईमीचं कुलूप कधी निघालं ते मला ठाऊक नाही.
एवढंच आठवतं की तिच्या गाईला आडवं वासरू अडलं
तेव्हा ती रात्री दीड वाजता आमच्या दारात उभी होती,
साहेबांना नव्हे, ऊनोला हाका मारत.

सगळेच सुधारले असं मी म्हणणार नाही.
रेइनो सुटला आणि सहा महिन्यांत पुन्हा पकडला गेला,
या खेपेला खोट्या तिकिटांवर.
पण न्यायाधीशाला म्हणे त्यानं विचारलं,
ओट कसा आलाय तिकडे?

केम्प्पीचा पत्ता लागला नाही.
दर एकतीस डिसेंबरला मी शिल्लक पुढे ओढते:
बूट, जोड एक, जमा.
माणूस एक, येणे.
सव्वीस वर्षं झाली.
आज माझ्या जागी आलेल्या पोरीनं
त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं,
हे खातं बंद करायचं का?

म्हटलं, थांब जरा.
आधी ती चरबीची डबी दे इकडे.