तोंडाची वाफ

मुंजाजीमामा होते तोवर
सोजराआत्याला एकच सांगायचे :
तोंडाची वाफ दवडू नको.
ती दवडायचीच.
नळावर, जळालेल्या डीपीवर, शेळीवर,
मानवतच्या बाजारात काटा मारणाऱ्यावर,
आणि मामांवर तर नेमानं, दिवेलागणीला.

मी फक्त मोबाइल धरला.
त्या दिवशी ती नळाला म्हणत होती :
"धाव्या दिवशी येतूस मेल्या,
नळ हाईस का पिंडाचा कावळा?"
तीन लाख चाळीस हजार लोकांनी ते ऐकलं.
लातूरहून कुणी लिहिलं, आमच्याकडंबी ह्योच कावळा.
दुबईहून कुणी
नुसता एक रडका चेहरा पाठवला.

मग परदेशातून पाकीट आलं.
आत सहा आकडे, बाकी काही नाही.
लतीफभाई पोस्टमननं ते आधी उन्हाला धरलं होतं,
म्हणाला, कोर्टाचं तर नाही ना?

बँकेच्या फॉर्मवर रकाना होता : पैसे कशाचे?
मी पेन चावत बसलो.
'कंटेंट' लिहिलं, खोडलं.
आत्या म्हणाली, लिही की. तोंडाचे.
काउंटरवरची पोरगी तिला ओळखून हसली,
काकू, मला एक द्या ना, खास माझ्यासाठी.
आत्यानं पदर सावरला :
"फुकट?"

एकशे चार डॉलर.
मंजी किती?
मंजी दीड क्विंटल हरभरा, मी म्हणालो,
न निंदता, न खुरपता, रात्रीचं पाणी न देता.
ती घरी येईपर्यंत गप्प होती.
त्या गप्पचे काही मिळत नाहीत.

तेव्हापासून आधी विचारते, चालू केलास का?
मग शेळीला बोलते.
शेळी एकदा तिच्याकडं बघते, एकदा माझ्याकडं.
कधी एकच शिवी दोनदा घ्यावी लागते,
मध्येच ट्रॅक्टर गेला म्हणून.
शेजारच्या केवळबाई भांडायला यायच्या थांबल्या,
म्हणतात, आधी माझा वाटा ठरव.

परवा रात्री लाइट गेली.
पाणी प्यायला उठलो तर आतल्या खोलीत आवाज,
मामांचा फोटो आहे त्या भिंतीकडून,
इतका हळू की मला वाटलं दुसरंच कुणी आहे :
"बरं हाय तुमचं.
मला बोलायला लावून तिकडं ऐकत पडलाव.
म्हणा की येकदा, दवडू नको.
येकदा म्हणा की."

मी उंबऱ्यात. अंगठा लाल ठिपक्यावर.
सतरा सेकंद.
चित्र नाहीच, काळोख आणि आवाज.
टाकलं नाही मी ते.
पुसलंही नाही.

सकाळी चहा बशीत ओतता ओतता,
वर न बघता,
आत्यानं विचारलं :
रात्रीच्याचे किती आले?