पिठातला चौकोन

लाइट गेली की गिरणी थांबते,
पट्टा लोंबत राहतो
आणि हवेतलं पीठ हळूहळू पत्र्याच्या डब्यावर बसतं.
त्या थरावर मी बोटानं चौकोन काढतो, आत चार घरं.
प्रत्येक घरात एक अक्षर बापाचं, एक आईचं.
तौफिक दळण खाली ठेवून उकिडवा बसतो.

वरती बाप, डांबर, गंगाखेडहून आणलेला,
एवढा काळा की पिंजऱ्यात नुसती हालचाल दिसते.
बाजूला मैदा. मानवतच्या बाजारात
कोंबड्यांच्या पाटीत सापडली,
तिचं मागचंपुढचं कुणाला माहीत नाही.
उन्हाळाभर दोघांवर ओली पोती टाकली.
सेलूच्या मे महिन्यात नर नावापुरता उरतो,
म्हणून जोडी पौषात लावली.

"काळं, नाहीतर पांढरं," मी सांगितलं.
"तिसरं नाही."
अंगठा उमटवला पिठावर, शिक्का मारल्यासारखा.

एकतिसाव्या रात्री मैदानं गळ्याखालचे केस उपटून
खोक्यात पसरले. सकाळी सहा पिल्लं,
उघडी, भिजल्या शेंगदाण्यासारखी गुलाबी.
चौथ्या दिवशी कातडीखाली रंग चढला.
तीन कोरी. दोन काजळलेली.
आणि एक
कशातच न बसणारं.
पुढं केस आल्यावर त्याच्या पाठीवर फुंकर मारली,
मुळाशी पाटीचा रंग, मध्ये कडब्याचा, टोकाला काळा.
लांबून बघावं तर वाळलेलं ढेकूळ.

"काका, चौकोन चुकला."

चौकोन नाही रे, मी चुकलो.
पांढरा हा रंगच नव्हे, झाकण आहे ते.
मैदाच्या झाकणाखाली कोण रानकरडा आजा बसलाय
ते मी विचारलंच नाही.
आणि तीन कोरी निघाली, म्हणजे
डांबराकडंही एक झाकण होतं,
एवढा काळा असून.

तौफिक बराच वेळ गप्प.
मग पिठाकडं बघतच म्हणाला,
"आमच्या बारकीचे डोळे घारे हायेत.
अब्बाचे काळे. अम्मीचे काळे.
फुफी काहीबाही बोलती."

मी हातानं डबा पुसला.
नवं पीठ बसायला लाइट नव्हती,
त्याच्याच दळणातली चिमूटभर जवारी चुरून घातली,
ती काय पिठासारखी पसरते?
तरी रेघा ओढल्या.
माणसाचं एवढं सोपं नसतं, चार घरांत मावत नाही,
हे एकदा सांगितलं.
दोन काळ्यांच्या पोटी घारं येतं,
हे तीनदा.

"फुफीला तुम्ही सांगता?"
हो म्हणालो. मग दोन दिवस
फुफी दळणाला यायची वाट बघितली
आणि ती आली तेव्हा पाच किलो मोजून दिले, सुट्टे दिले,
आणि सांगितलं. ती म्हणाली, गहू जाडा दळलाय.

वहीत खाडाखोड केली नाही.
अंदाज: काळं / पांढरं.
खाली: तीन, दोन, एक.

दीड महिन्यानं ढेकूळ बारकीकडं गेलं.
ती त्याला काळू म्हणती.
काहून, ते विचारायचं राहून गेलं.